कीर्तनकार महाराजांनो, आमच्या आजाराला पूर्वजन्मीचं पाप म्हणू नका

राम कृष्ण हरी.

अखंड हरिनाम सप्ताहाच्या निमित्तानं गावोगावी नारदाच्या गादीवर उभं राहणाऱ्या कीर्तनकार महाराजांना, त्यांच्या तारखा घेणाऱ्या सप्ताह समित्यांना आणि आळंदीत राहून आज कीर्तन शिकत असलेल्या मुलामुलींना हे पत्र आहे.

मी गोदाकाठच्या एका गावची सून. माहेरही वारकऱ्याचंच. आजोबा विण्याचा पहारा करायचे, वडील मृदंग वाजवायचे, आणि मला हरिपाठ पाढ्यांच्या आधी पाठ झाला. त्यामुळे बाहेरचं कुणीतरी येऊन संप्रदायाला नावं ठेवतंय असं कृपा करून समजू नका. घरातल्या थोरांपाशी मन मोकळं करावं तसं लिहिते आहे. काही शब्द कडक लागतील, ते मला मागे घ्यायचे नाहीत.

गेल्या खेपेच्या हरिनाम सप्ताहात आमच्याकडे एका महाराजांचं कीर्तन झालं. आवाज गोड, पाठांतर दांडगं, मंडप भरलेला. निरूपण रंगात आल्यावर ते म्हणाले की हल्ली बायकांना टेन्शन येतं, डिप्रेशन येतं, हे काही खरं नसतं माऊली. नाम सुटलं की मन सैरभैर होतं. हे मागच्या जन्मीचं देणं आहे, ते भोगूनच फेडायचं. गोळ्या खाऊन कुणाचं कर्म फिटलंय का? मंडप हसला. टाळकऱ्यांनी लगेच चाल धरली आणि कीर्तन पुढे गेलं. माझ्या शेजारी आमच्या आळीतली एक सून बसली होती. तिच्या गोळ्या सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता, जरा झोप लागायला लागली होती, लेकराला घ्यायला लागली होती. दुसऱ्या दिवशी सासूनं तिच्या गोळ्यांची पाकिटं उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली. सासू वाईट बाई नाही. तिनं महाराजांचं ऐकलं, एवढंच. पोळ्याच्या आधी त्या पोरीला पुन्हा सिव्हिलला न्यावं लागलं आणि तेव्हा तिची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट होती.

महाराजांना हे कधी कळलंही नसेल. ते रात्रीच गाडीत बसून पुढच्या गावाला गेले. त्यांच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं, याबद्दल मला शंका नाही. पण गावात डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा, सरपंचाच्या शब्दापेक्षा, शाळेतल्या गुरुजींपेक्षाही तुमचं बोलणं जड भरतं. खाली बसलेली बाई तुमच्या प्रत्येक वाक्यावर मान डोलावते आणि घरी जाऊन ते वाक्य पाळते. म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

या विषयावर बोलायचा मला अधिकार काय, तर मी यातून गेले आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला नैराश्य आलं. सव्वा महिना झाला तरी डोळ्याला डोळा लागेना. बाळ रडलं की छातीत धडधड व्हायची आणि बाळ झोपलं की ते श्वास घेतंय का हे पाहत मी बसून राहायची. जेवण कडू लागायचं. आपण या लेकराच्या लायकीच्या नाही, आपण नसलेलंच बरं, असे विचार यायला लागले, आणि विहिरीच्या बाजूनं जायची मला भीती वाटायला लागली. घरच्यांनी आधी कुलदैवताला न गेल्याचं कारण काढलं, मग कुणी म्हणालं ओली बाळंतीण तिन्हीसांजेला बाहेर बसली, तिला बाहेरचं लागलं. शेजारच्या तालुक्यात एक दरबार भरतो, तिथं मला नेलं. अमावास्येच्या वाऱ्या सांगितल्या, एकभुक्त, म्हणजे दिवसातून एकदाच जेवून, राहायला सांगितलं, अंगारा दिला, आणि डॉक्टरची कसलीही गोळी घेतली तर गुण येणार नाही असं बजावलं. अंगावर पाजणाऱ्या बाईला एकभुक्त! मी ते केलं. माझं दूध आटलं. दूध आटलं याचाही दोष माझ्याच माथी आला, की हिच्या मनात श्रद्धा नाही.

मला यातून बाहेर काढलं आमच्या गावच्या आशा सेविका ताईंनी. त्या बाळाच्या लसीसाठी आल्या होत्या. बाळाचं वजन केलं, डोस लिहिला, आणि मग वही मिटून माझ्याकडे नीट पाहिलं. विचारलं, ‘ताई, झोप लागते का?’ एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी जे रडले ते थांबेना. त्यांनी सासूबाईंना बाजूला घेतलं आणि पुढच्या ओपीडीच्या दिवशी स्वतः बरोबर येऊन सिव्हिलमध्ये केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी मन असंच खचू शकतं. मग मला समजेल अशा भाषेत आजार सांगितला.

तो आता मला तुम्हाला सांगायचा आहे, कारण तुम्ही सांगितलात तर तो लाख घरांत पोचेल. बाळंत झाल्यावर शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात, झोप मोडते, अंगातली ताकद गेलेली असते, आणि वरून मुलगी झाली म्हणून घरात कुणी तोंड पाडलेलं असतं. या सगळ्याचा मिळून मेंदूवर भार येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक त्रास होतो, त्यात मुख्यतः नैराश्य असतं. आपल्यासारख्या विकसनशील देशांत हेच प्रमाण जवळजवळ २० टक्के आहे. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक. आणि हे फक्त बायकांचं नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६मध्ये देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं दिसलं आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. तुमच्यापुढे हजाराचा मंडप बसलेला असतो तेव्हा त्यात असे किती जण मान खाली घालून बसलेले असतात, याचा अंदाज तुम्हीच करा. कर्ज झालेला शेतकरी आहे, दारूतून सुटू पाहणारा तरुण आहे, नापास झालेलं पोर आहे. त्या सगळ्यांना ‘हे तुझ्या पापाचं फळ’ असं ऐकवल्यावर ते दुसऱ्या दिवशी कुठे जातील?

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दरबारांचं सगळं दुकान तिच्यावर चालतं. नैराश्याच्या गोळीचा गुण तापाच्या गोळीसारखा संध्याकाळी येत नाही. दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. सुरुवातीला मळमळतं, डोकं जड होतं. घरच्यांना वाटतं की औषध लागू पडेना, आणि नेमकं त्याच दिवसांत ते आजारी माणसाला कुठल्या तरी दरबारात नेतात. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गोळीचा गुण यायला लागतो आणि श्रेय जातं अंगाऱ्याला. गुण आला म्हणून गोळ्या बंद होतात. एकाएकी बंद केल्या की त्रास उलटतो, आजार पुन्हा डोकं वर काढतो, आणि तेव्हा सांगितलं जातं की वारी चुकली, देव कोपला. हे चक्र मी माझ्या घरात पाहिलं आणि त्यानंतर आणखी कितीतरी घरांत पाहिलं. तुमच्यापैकी एकानं जरी व्यासपीठावरून सांगितलं की गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका, तर हे चक्र कितीतरी ठिकाणी तुटेल.

कर्म भोगूनच फेडायचं असेल तर ते फक्त मनाच्याच आजाराला का लावता? आपल्या महाराज मंडळींत कित्येकांना बीपी आहे, शुगर आहे. रोज रात्री जागरण, रोज नवं गाव, पंगतीचं जेवण, प्रकृती बिघडणारच. आपण गोळ्या घेता आणि घेतल्याच पाहिजेत. समितीनं गाडीत इन्सुलिनसाठी बर्फाची सोय केलेलीही मी पाहिली आहे. साखरेचा आजार कर्माचा नाही आणि मनाचा मात्र कर्माचा, ही वाटणी कोणत्या संतवचनात लिहिली आहे?

गोळ्यांबरोबर मला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. खरं सांगायचं तर माझं आयुष्य तिथं बदललं, आणि माझ्या श्रद्धेला पहिला तडाही तिथंच गेला. त्यांनी मला देवाधर्माबद्दल एक शब्द सांगितला नाही. एक साधी दुरेघी वही आणायला सांगितली आणि पानाचे उभे तीन भाग करून घेतले. पहिल्या भागात मनात आलेला विचार जसाच्या तसा लिहायचा. दुसऱ्यात त्याला पुरावा काय ते. तिसऱ्यात, हाच विचार माझ्या बहिणीनं बोलून दाखवला असता तर मी तिला काय म्हटलं असतं, ते. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं आहे: ‘मी पापी आहे म्हणून मला हे झालं.’ पुराव्याच्या रकान्यात मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मग लिहिलं: ‘कीर्तनात ऐकलं. सासूबाई म्हणाल्या. दरबारात सांगितलं.’ बाईंनी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं ते झालं, पण तुम्ही स्वतः केलेलं एखादं पाप लिहा. मला काही सुचेना. उपास मोडलेला एक सोमवार आठवला. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं की उपास मोडला म्हणून बहिणीच्या लेकराचं दूध आटवणारा देव मला नको.

ते वाक्य लिहिल्यावर मी घाबरले होते. काही झालं नाही. संध्याकाळी दिवा लावला, नेहमीसारखा हरिपाठ म्हटला आणि बऱ्याच दिवसांनी तो म्हणताना बरं वाटलं.

त्यानंतर प्रश्न एकामागून एक येत गेले. आठवड्यातले तीन उपास, ते कुणासाठी? रक्त कमी असलेल्या बाईनं उपाशी राहिल्यानं नवऱ्याचं आयुष्य वाढतं, हे कुणी पाहिलंय? महिन्याचे चार दिवस मी मंडपात बसायचं नाही, पंगतीला वाढायचं नाही, विण्याला हात लावायचा नाही, हे कशासाठी? नवस बोलल्यानं मुलगा होतो, तर मग आमच्या आळीतल्या ज्या बाईनं सगळे नवस फेडले तिची ओटी रिकामी का? मी हे प्रश्न कुठल्या परदेशी पुस्तकातून आणलेले नाहीत. तुमच्याच तोंडून तुकोबा ऐकत मोठी झाले. ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती’ हे प्रमाण तुम्ही किती वेळा देता! सोयराबाईंनी तर विटाळाचा मुद्दा सातशे वर्षांपूर्वीच निकालात काढला होता: ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म’. हा अभंग आमच्या मंडपात फार गोड चालीवर म्हटला जातो. म्हणणारे पुरुष असतात, आणि त्याच वेळी गावातल्या कितीतरी बायका ‘अडचण आहे’ म्हणून घराच्या ओट्यावरून तो ऐकत असतात. मीही तशी ओट्यावर बसलेली आहे. गेली काही वर्षं मी बसत नाही. मंडपात येते, चटईवर बसते, टाळ धरते. काही बायकांना माहीत आहे आणि त्या काही बोलत नाहीत, उलट त्यातल्या दोघी-तिघी आता माझ्याबरोबर येतात.

मी काय सोडलं ते सांगितलं, काय ठेवलं तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हिनं माळ काढून ठेवली. माळ गळ्यात आहे. पहाटे काकड्याला जाते. आषाढीला जमेल तेव्हा आमच्या दिंडीबरोबर चालते, आणि त्या चालण्यानं माझ्या जिवाला जो थारा मिळतो तो मला वर्षभर पुरतो. शंभर माणसं एका ठेक्यावर एक अभंग म्हणतात तेव्हा माझा श्वास आपोआप लांब होतो, डोक्यातली गिरकी थांबते. रोज भरपूर चालणं, मोकळ्यानं गाणं, कुणाबरोबर तरी असणं, हे सगळं मनाच्या आजारात उपयोगी आहे असं डॉक्टरही सांगतात. विठ्ठल खरोखर आहे का, तो माझं ऐकतो का, याचं उत्तर आज माझ्यापाशी नाही. पूर्वी होतं. तरीही त्याच्यापुढे उभं राहिल्यावर मला रडू येतं, आणि ते रडू हलकं करणारं असतं. एवढ्या शिदोरीवर मला संप्रदायात राहता येतं का, हा माझा तुम्हाला खरा प्रश्न आहे. आमच्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. त्या गप्प आहेत, कारण शंका बोलून दाखवली तर घरचे ‘नास्तिक झाली’ म्हणतील आणि गप्प राहिलं तर आतल्या आत घुसमट.

दुसऱ्या बाजूचंही सांगते. बरी झाल्यावर नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं पुण्यात होतो. तिथं मी स्वतःला घडवायचं म्हणून एक-दोन शिबिरांना गेले. चकचकीत हॉल, हातात माईक घेतलेला तरुण वक्ता. तो सांगत होता की तुमच्या आयुष्यात जे घडतं ते तुम्हीच विचारांनी ओढून आणलेलं असतं, आजारसुद्धा, सकारात्मक राहा, विश्व तुम्हाला देईल. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला आमचा मंडप आठवला. तिथं मागच्या जन्मीचं पाप, इथं या जन्मीचे नकारात्मक विचार. आजारी माणूस दोन्हीकडे आरोपीच. फरक एवढाच की शिबिराला फी होती. माझी वाढ झाली ती त्या हॉलमध्ये नाही. ती त्या दुरेघी वहीनं झाली, वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी झाली, बाळाला रात्री एक वेळ नवरा घेईल असं घरात भांडून ठरवलं तेव्हा झाली, आणि पुढे अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले आणि पगार माझ्या खात्यात आला तेव्हा झाली.

तुमच्यातल्या काही जणांना वाटेल की हे सगळं अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचं बोलणं आहे. ती अढी मला ठाऊक आहे. जादूटोणाविरोधी कायद्याला वारकऱ्यांच्या काही संघटनांनी कित्येक वर्षं विरोध केला, कारण उद्या वारी आणि कीर्तनच गुन्हा ठरेल अशी भीती घातली गेली होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तो कायदा एकदा स्वतः वाचा, मी मुद्दाम मिळवून वाचला. यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असं त्यातच लिहिलेलं आहे. तो लागतो भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधून मारण्याला, चटके देण्याला, साप-विंचू चावला असताना दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकण्याला. यातलं काही तुम्ही करत नाही. मग या गोष्टींविरुद्ध मोठ्यानं बोलायला काय हरकत आहे? कायदा येऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या गावात सप्ताहाच्या व्यासपीठावरून त्याचं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही.

बांधून ठेवण्याचं म्हणाल तर त्याचा शेवट कुठे होतो तेही सगळ्या देशानं पाहिलंय. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एर्वाडी इथं दर्ग्याच्या परिसरातल्या एका आश्रयगृहाला पहाटे आग लागली. मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. त्यांना पळता आलं नाही, २८ जण जळून गेले. घरच्यांनी त्यांना तिथं बरं व्हायलाच आणून सोडलं होतं. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई केली आणि मनाच्या आजारावर सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला.

आणि याच देशात दुसरा मार्गही निघाला. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथं मीरा दातारचा मोठा दर्गा आहे. मनाच्या आजाराची माणसं तिथं लांबलांबून येतात. एका संस्थेनं आणि सरकारनं मिळून दर्ग्याच्या आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसवले आणि मुजावरांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना, आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. ‘दवा आणि दुआ’ असं त्या उपक्रमाला म्हणतात. मुजावर दुआ करतात आणि त्याबरोबरच म्हणतात, जा, त्या खोलीतल्या डॉक्टरलाही दाखव. लोक त्यांचं ऐकतात, कारण मुजावर डॉक्टरची माणसं नसतात, लोकांची स्वतःची असतात. मुजावरांना जे जमलं ते आपल्या महाराजांना का जमू नये?

कीर्तन हे हत्यार किती धारदार आहे हे गाडगेबाबांनी या मातीत दाखवून दिलं. बाबा कीर्तनात सांगण्यापेक्षा विचारायचे जास्त. पुढे बसलेल्या माणसाला प्रश्न टाकायचे आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. कर्ज काढून जत्रा करू नका, देवापुढे कोंबडं-बकरं मारू नका, दारू पिऊ नका, पोरं शाळेत घाला. आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभी केली. त्यांना दवाखाना आणि देव यांत भांडण दिसलं नाही. माणसं रुग्णाला घेऊन दवाखान्याच्या दारात पोचली पाहिजेत, त्यांना रात्री पाठ टेकायला जागा पाहिजे, हे त्यांना दिसलं.

मला तुमच्याकडून फार मोठं काही नको. मनाच्या आजाराला पाप, भोग, नाम सुटल्याची शिक्षा असं व्यासपीठावरून म्हणणं थांबवा. मंडप हसवायला डिप्रेशनचा विनोद करू नका. ज्याला ते झालंय तो त्या हसण्यात सामील होतो आणि घरी जाऊन गोळी टाकून देतो. नामस्मरणानं मनाला आधार मिळतो असं जरूर सांगा, मलाही मिळतो, पण त्याच वाक्यात सांगा की झोप उडाली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टरला दाखवा आणि सुरू असलेलं औषध सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. सप्ताहाच्या पत्रिकेवर सौजन्य म्हणून दुकानांची नावं छापता, त्यांच्या खाली एक ओळ या नंबरासाठी सोडा.

आळंदीच्या मुलामुलींना वेगळं सांगते. जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, त्यामुळे कीर्तन शिकायला घराण्यात जन्म घ्यावा लागत नाही. तुमच्यातली कितीतरी मुलं शेतकऱ्याच्या घरातून आलेली आहेत, घरचं दुःख तुम्ही जवळून पाहिलेलं आहे. पाठांतरात चार हजार अभंग असतील तर त्यातले आम्हाला दोषी ठरवणारे तेवढे निवडू नका. आणि तुमच्यात ज्या मुली आता गादीवर उभ्या राहतात, त्यांनी बाळंतिणीबद्दल बोलावं. आईच्या मनाला काय होतं ते पुरुषानं सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलंत तर आमच्या सासवा ऐकतील. शक्य झालं तर आपल्या शिक्षकांना विनंती करून एखादा दिवस मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा आणि तुमचे प्रश्न त्यांना विचारा. तुमच्यावरही ताण असतो, घरापासून लांब राहता, हे मला कळतं.

आता आमच्या समितीसाठी. या सप्ताहाची पत्रिका अजून छापायला गेलेली नाही. सिव्हिलच्या मानसिक आरोग्य विभागातल्या समुपदेशक बाईंशी मी बोलले आहे. काल्याच्या आदल्या संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर, जेवणाच्या आधी, वीस मिनिटं बोलायला त्या तयार आहेत. मानधन नको म्हणाल्या, येण्या-जाण्याची गाडी मी बघते. त्या देवाविरुद्ध एक अक्षर बोलणार नाहीत, त्यांच्या घरीही एकादशी आहे. बोलून झाल्यावर शाळेच्या खोलीत त्या बसतील, ज्याला एकट्यानं काही विचारायचं असेल त्यानं जावं. त्या दिवशी माझी पाळी असेल तरी मी मंडपात असेन आणि पंगतीला वाढेन, हेही आत्ताच सांगून ठेवते, मागाहून कुणी दुखावायला नको.

समितीची बैठक रविवारी देवळात आहे असं कळलं. बायकांना त्या बैठकीला बोलावत नाहीत, पण मी येणार आहे. हो किंवा नाही, जे असेल ते तिथंच सांगा.

आपली,
गावची एक सून आणि टाळकरी